पतीचे नाव : श्री. विजय

समस्या : दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे. तीन महिने.
कुणाला : वर्षाली ज्योतीराम सुरवसे, वय छत्तीस.
कुठे आढळली : चाकण, कंपनीच्या वॉशरूममध्ये, दुसऱ्या शिफ्टला.
तात्पुरता उपाय : पॅड.
मूळ कारण :

कंपनीत माल नापास झाला की हा तक्ता भरावा लागतो. त्याला सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. आधी समस्या लिहायची, मग का असं विचारायचं, उत्तर आलं की त्या उत्तरालाच पुन्हा का, असं पाच वेळा. पाचव्या का-ला म्हणे मूळ कारण हाताला लागतं. वर्षालीनं बारा वर्षांत असे शेकड्यांनी तक्ते भरले होते, म्हणून स्वतःच्या दुखण्याचाही तिनं तसाच एक भरायला घेतला, कंपनीच्या बसमध्ये, फोनवर. ती क्वालिटीत होती. ब्रेकच्या सिलिंडरचा नग तिच्यापुढे आला की ती त्याच्या भोकात आधी माप बघायचा गेज घालते, मग कॅमेऱ्याची बारीक नळी घालते, आतल्या भिंतीवर ओरखडा आहे का बघते आणि मगच हिरवं लेबल चिकटवते. आत बघितल्याशिवाय पास नाही. रोज तिच्या हाताखालून चारशे नग जातात आणि चारशेच्या चारशे आतून बघितलेले असतात.

तिला स्वतःला आतून बघायला कुणी तयार नव्हतं.

का १ : डॉक्टरांनी आतून तपासलं नाही.

चिखलीतल्या त्या दवाखान्यात एका वेळी तिघीजणी आत असतात. एक खुर्चीत, दोघी भिंतीलगतच्या बाकावर. बाहेर गर्दी मावत नाही आणि डॉक्टरीणबाईंना वेळ नसतो, तेव्हा आपला नंबर येईपर्यंत दुसरीचं दुखणं ऐकत बसायचं, अशी तिथली रीत. वर्षाली बाकावरून खुर्चीत आली. वय विचारलं, सांगितलं. काय होतंय विचारलं, तेही सांगितलं. मग लग्न? नाही म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

मग काही प्रश्नच नव्हता. एकवीस दिवसांच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम. सोनोग्राफी करून आण, पण पोटावरून, भरपूर पाणी पिऊन. वर्षालीनं विचारलं की आतून तपासायला नको का, तिशीनंतर ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करतात असं वाचलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती लग्न झालेल्यांची.

"लग्न नाही झालं," वर्षाली म्हणाली. "पण संबंध आहेत."

मागचा बाक करकरला. डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणला, पण इतकाच की बाकावरच्या दोघींना पुढे वाकावं लागलं. मुलगा लग्न करणार आहे ना पण, असं त्यांनी विचारलं.

"मुलगा नाही."

हे वाक्य ती चार दिवस घोकत होती. आंघोळ करताना, बससाठी उभी असताना, नगात नळी घालताना. दोन शब्द, यापेक्षा सोपं तिला सुचलं नव्हतं. समलिंगी हा शब्द तिला वर्तमानपत्रातला वाटायचा, आणि लेस्बियन म्हटलं तर बाकावरच्यांना कळलं नसतं तरी डॉक्टरीणबाईंना कळलं असतं, आणि ते कळल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते वर्षालीला बघायचं नव्हतं. म्हणून मुलगा नाही.

"नाही म्हणजे? सोडून गेला?"

"तसं नाही. मुलगाच नाही."

तेवढ्यात बाकावरून एक खरखरीत हात तिच्या खांद्यावर आला. चऱ्होलीहून आलेली म्हातारी होती, आक्काबाई, अंग बाहेर येतं म्हणून दर महिन्याला यायची. "नसू दे गं बाई," आक्काबाई म्हणाली. "मला बी मुलगा न्हाई. चार पोरी हायेत, चारी जीव लावत्यात. मुलगा न्हाई म्हून कोन मरतंय व्हय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. दुसरी बाईही हसली. त्या हसण्यातच पुढचा नंबर पुकारला गेला आणि वर्षाली चिठ्ठी हातात घेऊन उभी राहिली. चिठ्ठीवर नावापुढे अनमॅरिड लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तिला आक्काबाईचा राग आला नाही. त्या खोलीत तिला हात लावणारी ती एकटीच होती.

का २ : रुग्ण अविवाहित.

हे काय उत्तर झालं? तिनं खोडलं. पुन्हा लिहिलं, कारण दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच.

कंपनीची बस तळवड्याच्या चौकात पाऊण तास उभी राहते. तेवढ्या वेळात माणूस किती काय शोधू शकतो. शेजारच्या सीटवर कॅन्टीनच्या इंदुताई असायच्या, म्हणून वर्षाली फोनचा उजेड पार कमी करायची आणि खिडकीकडे तोंड करून बसायची.

तिनं लिहिलं : पाळी मध्येच येणे.
आलं : पाळी बदलताना झोपेचं वेळापत्रक कसं सांभाळाल, कारखान्यातील कामगारांसाठी सात सूचना.

जुनी माणसं शिफ्टला पाळीच म्हणतात, हे तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली. इंदुताईंनी विचारलं, काय गं, आणि ती म्हणाली, काही नाही, जोक होता.

तिनं लिहिलं : पाळी नसताना रक्तस्राव.
आलं : कच्ची पपई खाऊ नका. गूळ खा. टेन्शन घेऊ नका. गुप्तरोगावर हमखास इलाज, पत्ता चिंचवड, रविवारी चालू.

तिनं लिहिलं : गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कुणी करावी.
आलं : विवाहित भगिनींनी दर तीन वर्षांनी करून घ्यावी. एका व्हिडिओत गुलाबी साडीतली डॉक्टर सांगत होती, मैत्रिणींनो, यासाठी तुमच्या मिस्टरांचाही पाठिंबा हवा.

तिनं लिहिलं : दोन बायकांचे संबंध आरोग्य.
जे आलं त्याचा आरोग्याशी काहीएक संबंध नव्हता. तिनं फोन मांडीवर पालथा टाकला. इंदुताई उगाच बाहेर बघत राहिल्या.

तिनं लिहिलं : समलिंगी स्त्री डॉक्टर पुणे.
आलं : मानसोपचार. आणखी मानसोपचार. हे बरं होतं का. एकवीस दिवसांत बरं करून देणारा एकजण, त्याच्या मागे समई पेटलेली.

मग तिनं फोनमधल्या त्या बोलक्या मशीनला विचारलं, सगळे ज्याला हल्ली काहीही विचारतात त्याला. त्याला मात्र तिनं सगळं लिहिलं, आडपडदा न ठेवता, मुलगा नाही हेसुद्धा. त्यानं शुद्ध मराठीत सांगितलं की तिचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे आणि तिनं आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलावं.

मोकळेपणाने. बाक करकरतो तिथे.

इंग्रजीत मात्र होतं. बाहेरच्या देशांतल्या पानांवर अगदी ठळक होतं की पुरुषाशी कधीच संबंध आला नसला तरी तपासणी हवी, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू कातडीला कातडी लागून, हातानंही जातो, बायकांकडून बायकांकडे जातो. वर्षालीचं इंग्रजी ड्रॉइंगवरचं इंग्रजी, टॉलरन्स आणि सरफेस फिनिशपुरतं. तिनं ती पानं शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. प्रत्येक पानाच्या शेवटी लिहिलेलं असायचं, जवळच्या क्लिनिकला विचारा, आणि खाली कुठल्या तरी परक्या देशातला फोन नंबर. पुण्यातल्या एका ग्रुपवर कुणीतरी चांगल्या डॉक्टरांची यादी टाकली होती. अकरा नावं. दहा नदीपलीकडची, पार पुणे शहरातली. अकरावं चिंचवडचं, आणि त्याच्यापुढे कंसात, आता नसतात.

म्हणजे एवढ्या मोठ्या पट्ट्यात, निगडीपासून चाकणपर्यंत, रात्रंदिवस यंत्रं चालतात, केसाएवढा फरक मोजणारी साधनं पडलेली असतात, लाखो माणसं राहतात, आणि तिच्यासारखी बाई त्यांच्या हिशेबातच नाही. आजारी आहे असं नाही, बरी आहे असंही नाही. तिचा रकानाच छापलेला नाही. तिला रडू येत नव्हतं. तिचे दात आवळले जात होते, आणि कानशिलं दुखायची.

का २, पुन्हा : रुग्ण अविवाहित.

विजयश्री म्हणाली, मग हो विवाहित.

विजयश्री परब. कुडाळकडची, वय एकोणचाळीस, पुनावळ्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. गेली सात वर्षं दोघी चिखलीच्या वन बीएचकेत राहत होत्या. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये मैत्रिणी, मालकाच्या तोंडी त्या नोकरीवाल्या पोरी, चाळिशीला आल्या तरी पोरीच. विजयश्रीचं एक लग्न झालं होतं, बारा वर्षांपूर्वी, दोन वर्षं टिकलेलं. माणूस वाईट नव्हता, लग्न वाईट होतं. ती बोलण्यात अजून गावाकडचं गो लावायची आणि वर्षाली तिला त्यावरून गो गेज म्हणायची. भोकात सहज जाणाऱ्या गेजला कंपनीत तेच नाव आहे, नो-गो म्हणजे न जाणारं. आपल्या घरात नो-गो तूच, असं विजयश्रीचं त्यावर ठरलेलं उत्तर.

त्या संध्याकाळी मात्र चेष्टा नव्हती. विजयश्रीनं चिठ्ठीवरच्या त्या दोन रेघा बघितल्या, कॅल्शियमची पट्टी उचलून कट्ट्यावर आपटली आणि बराच वेळ त्या डॉक्टरीणबाईंच्या शिक्षणाविषयी बोलली. मग शांत होऊन म्हणाली, "गणितात उत्तर येत नसलं की क्ष धरतो ना आपण? नवरा धर गो."

शाळेच्या गॅदरिंगच्या पेटीतून खोटं मंगळसूत्र आलं. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या नाटुकलीतल्या आईच्या गळ्यात असायचं, वाट्यांचा मुलामा उडालेला. नावावर मात्र दोघी अडल्या. फॉर्मवर पतीचे नाव असा रकाना असणार आणि तिथं कुणातरी परक्याचं नाव लिहायला वर्षालीची जीभ वळेना, हात तर नाहीच. शेवटी विजयश्रीनं कागद ओढला, आपल्याच नावाच्या मागचा श्री तोडला आणि पुढे लावला.

श्री. विजय.

बघ, म्हणाली, एक अक्षर खोटं नाही. दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या पद्माकाकूंनी भिंतीवर टकटक केली.

हायवेलगतचं हॉस्पिटल नवीन होतं. डॉक्टर सई म्हणून होत्या, पस्तिशीच्या, भरभर बोलणाऱ्या, हात उबदार करून मग लावणाऱ्या. लग्न? झालंय. किती वर्षं? सात. बास. पडदा ओढला गेला, दिवा आला, चिमटा आला, नमुना घेतला, आतून सोनोग्राफी झाली. पडद्याबाहेर बाक नव्हता. सगळं मिळून सहा मिनिटं. वर्षाली छताकडे बघत पडली होती आणि तिला दुखत होतं, पण त्याहून जास्त तिला तो चिखलीचा करकरता बाक आठवत होता. शरीर तेच, दुखणं तेच, काळे मणी तेवढे नवीन.

का ३ : नंतर भरायचा.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. विषाणू सापडला होता, पेशी बदललेल्या होत्या. मी कॅन्सर म्हणत नाहीये, डॉक्टर सई म्हणाल्या, पण दुर्बिणीतून बघून बारीक तुकडा काढावा लागेल आणि तो तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही. मिस्टरांना घेऊन या, सही लागेल. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं, पुढे सरकल्या आणि अतिशय मायेनं सांगितलं की यात वर्षालीची काही चूक नाही, हा विषाणू बहुतेक वेळा नवऱ्याकडून येतो, पुरुषांना बाहेरच्या सवयी असतात, घरी भांडू नका, आधी स्वतःकडे बघा.

श्री. विजय तेव्हा शाळेत नववी ब-ला प्रमेय शिकवत होते.

विजयश्रीनं एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो वर्षालीनं विचारला : मिस्टरांनी काही टेस्ट करायची का?

नाही, डॉक्टर सई म्हणाल्या. पुरुषांसाठी याची अशी नेहमीची टेस्ट नसते. त्यांना काही त्रास नाही ना? मग त्यांनी काही करायची गरज नाही.

हे उत्तर वर्षालीनं जपून घरी आणलं. कारण रिपोर्ट फोनवर कळल्यापासून विजयश्रीचा चेहरा उतरला होता. आपलं ते जुनं लग्न, तिकडूनच आलं असणार, म्हणजे माझ्याकडूनच, हे तिनं एकदाच म्हटलं आणि मग ते घरभर फिरत राहिलं, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. आता वर्षाली म्हणाली की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, तुला काही करायची गरज नाही. विजयश्रीनं दोनदा विचारलं, नक्की? नक्की. त्या संध्याकाळी दोघी पोटभर जेवल्या.

पाच दिवस असेच गेले.

सहाव्या दिवशी लाइनवर नगांनी भरलेला एक बिन आला. समर्थ नावाचा ऑपरेटर रिपोर्ट घेऊन उभा होता, सगळी मापं हिरवी. वर्षालीनं नग उचलला, फिरवला, खाली ठेवला. उजव्या चाकाचा रिपोर्ट होता आणि बिनमध्ये डाव्या चाकाचे नग होते. बघायला सारखेच, आरशात धरल्यासारखे, फक्त एक भोक दुसरीकडे. समर्थ म्हणाला, मॅडम, रिपोर्ट तर चोख आहे.

"रिपोर्ट चोखच आहे," वर्षाली म्हणाली. "नग दुसरा आहे."

आणि ती तिथंच थांबली. समर्थला वाटलं आपल्यावर चिडली. तो सॉरी म्हणत राहिला. डिपार्टमेंटचे प्रमुख उद्धवराव आले, त्यांनी बिनला लाल लेबल लावलं, व्हाय-व्हाय भरायला सांगितलं, आणि ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं लिहिलेला कागद मी फाडून टाकीन ही त्यांची नेहमीची तंबी दिली. माणूस चुकला हे कारण नसतं, चुकायला जागा कुणी ठेवली ते लिहा. वर्षालीला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

श्री. विजयना टेस्टची गरज नाही. बरोबर. शंभर टक्के बरोबर उत्तर.

विजयश्रीला?

ती हातमोजे न काढताच बाहेर आली आणि भिंतीशी उभं राहून तिनं फोन लावला. विजयश्री स्टाफरूममध्ये होती. तुझी कधी झालीय का ही तपासणी, एकदा तरी? विजयश्री म्हणाली, लग्नात असताना कुणी सांगितलं नाही, आणि घटस्फोटानंतर एकदा अंगावर जातं म्हणून गेले होते, तर डॉक्टर म्हणाले, आता तुम्हाला कशाला हवीय. मग हळू आवाजात, कारण स्टाफरूममध्ये माणसं होती, "पण तू म्हणालीस ना, गरज नाही म्हणून?"

म्हणाले. मीच म्हणाले. वर्षालीनं कपाळ त्या पत्र्याच्या भिंतीला टेकवलं. आत सगळी यंत्रं चालू होती आणि पत्रा थरथरत होता. डॉक्टर चुकल्या नव्हत्या. तिनं विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं. खोटं आपण बोललो. का बोललो? खरं बोलून बघितलं म्हणून. खरं बोलल्यावर काय मिळालं? कॅल्शियम. तिनं एवढ्या जोरात शिवी दिली की तंबाखू मळत बसलेला ड्रायव्हर उठून दुसरीकडे गेला.

का ४ : तुकडा काढायच्या दिवशी दोघी गेल्या. वर्षालीच्या गळ्यात काही नव्हतं.

डॉक्टर सईंनी विचारलं, मिस्टर कुठे आहेत, बाहेर आहेत का.

"मिस्टर नाहीत. हीच आहे." वर्षालीनं हात केला. "विजयश्री. सात वर्षं आम्ही एकत्र राहतो. मैत्रिणी राहतात तशा नाही, नवरा-बायको राहतात तशा."

डॉक्टर सईंनी आधी फाइल बघितली, मग विजयश्रीला, मग पुन्हा फाइल. त्यांच्या चेहऱ्यावर आली ती किळस नव्हती, हे वर्षालीनं नीट पाहिलं. चीड होती. इतका वेळ चुकीच्या कागदावर काम केलेल्या माणसाची चीड.

"तुम्ही मला खोटी माहिती दिलीत," त्या म्हणाल्या. "याचे परिणाम कळतात का तुम्हाला? पहिल्याच दिवशी खरं सांगायला काय झालं होतं?"

विजयश्रीनं वर्षालीचं कोपर धरलं. वर्षालीनं ते सोडवून घेतलं.

"सांगितलं होतं. चिखलीत. खरं सांगितलं तर आतून कुणी बघितलं नाही, कॅल्शियम देऊन घरी पाठवलं. इथं येऊन खोटं सांगितलं तर सहा मिनिटांत सगळं झालं. आता तुम्हीच सांगा, यातलं कुठलं सांगायचं मी?"

"मी तसं केलं नसतं."

"तुम्ही विचारलंच नाही, डॉक्टर. लग्न झालंय का, एवढंच विचारलंत. विषाणू काय लग्नाला होतो?" तिचा आवाज चढला नव्हता, पण नर्सनं जाऊन दार लावून घेतलं. "महिनोन्महिने मी शोधतेय. बसमध्ये बसून, लपवून. कुणी पपई सांगतंय, कुणी बुवा सांगतंय. मला एवढंच पाहिजे होतं की आमच्यासारख्या बाईला काय करायचं ते कुणीतरी मराठीत सांगावं. तुम्ही म्हणालात मिस्टरांना टेस्ट नको. मी हिला तेच सांगितलं. पाच दिवस ही माझ्या भरवशावर निवांत होती. हिची तपासणी करायची का नाही?"

डॉक्टर सई विजयश्रीकडे वळल्या. पेन उचललं. आणि रोज चाळीस वेळा जे तोंडातून जातं तेच त्यांच्या तोंडातून गेलं.

"यांचं लग्न झालंय?"

 मग विजयश्री हसली. वाईट हसली, नववी ब-चा वर्ग त्या हसण्यानं जागच्या जागी गप्प झाला असता. "झालं होतं," ती म्हणाली. "चालेल का तेवढं?"

डॉक्टर सईंनी पेन खाली ठेवलं. माफ करा म्हणाल्या, टेबलाकडे बघत, आणि नंतर मान वर करून आणखी एकदा. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. करायची, दोघींची करायची. हा विषाणू बाईकडून बाईकडे जातो, पण तो शरीरात पाच-दहा वर्षं गप्प पडून राहू शकतो, तेव्हा कुणाकडून कुणाला आला हे शोधत बसू नका, ते सापडत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. बहुतेक वेळा शरीर त्याला आपणच घालवतं. पेशी बदलल्या असतील तर त्यावर उपाय आहे, आणि वेळेत आलात तर चांगला उपाय आहे. पुढची तपासणी कधी, कशी, काय झालं तर थांबायचं नाही. विजयश्रीनं सगळं रिपोर्टच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, वर्गात फळ्यावर लिहावं तसं एकाखाली एक. पाकिटाची अर्धी बाजूही भरली नाही. वर्षाली त्या अक्षरांकडे बघत राहिली. एवढंच होतं. एवढ्याशा मजकुरासाठी तिनं किती दिवस दात आवळले होते, आणि तो कुणाकडे नव्हता असं नाही, इथं या बाईच्या डोक्यात अख्खाच्या अख्खा होता. तिचा राग कमी झाला नाही. उलट आता कुठं तो कशावर आहे ते तिला नीट दिसलं.

डॉक्टर सईंनी फाइल ओढून लिहायला घेतलं. दुसऱ्याच्या हातातला कागद उलटा वाचायची वर्षालीला सवय होती, मालाबरोबर आलेले कागद ती असेच वाचायची. तिनं वाचलं : सोबत मैत्रीण.

"ते खोडा," ती म्हणाली.

डॉक्टर सईंनी ड्रॉवर उघडून व्हाइटनरची बाटली काढली.

"व्हाइटनर नको. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. बरोबर काय ते वर लिहा, बाजूला सही करा, तारीख टाका."

"का?"

"आमच्याकडे अशीच दुरुस्ती करतात. आधी काय चुकलं होतं ते पुढच्याला दिसायला पाहिजे."

डॉक्टर सईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं, मग रेघ मारली. वर काय लिहू, असं विचारलं, आणि या वेळी खरोखरच विचारलं. वर्षालीनं विजयश्रीकडे पाहिलं. विजयश्री म्हणाली, जोडीदार लिहा, आणि सहीसाठी पेन इकडे द्या. नर्स म्हणाली की सही नवऱ्याची किंवा वडिलांची लागते. डॉक्टर सई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाल्या, पेशंटची लागते, ती आधी घ्या, आणि खाली यांची चालेल.

तुकडा काढताना दुखलं. दुखेल असं आधी सांगितलं होतं, त्यामुळे वर्षालीला ते सोसवलं. रिपोर्टला दहा दिवस लागणार होते आणि त्यात काय येईल हे डॉक्टर सईंनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. ती पोट धरून हळूहळू बाहेर आली तर विजयश्री बाकावर दोन्ही पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेली. बाहेरच्या काउंटरवर तिच्यासाठी वेगळा फॉर्म भरायला दिला होता आणि पतीच्या नावाचा रकाना तिनं आडवी रेघ मारून मोकळा सोडला होता.

नर्सनं दार उघडलं. "परब, आत या. लघवीला जाऊन आलात का?"

विजयश्री नाही म्हणाली. मग जाऊन या आधी, नर्स म्हणाली, डावीकडे दुसरं दार. विजयश्रीनं दोन्ही पर्स वर्षालीकडे दिल्या आणि गेली. वर्षाली बाकावर तिच्या जागेवर बसली. जागा अजून गरम होती. पोटात कळ येत होती, जात होती. समोरच्या खुर्चीतल्या पोरीनं, वीस-बावीसची असेल, फोनचा उजेड अगदी कमी केला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून काहीतरी वाचत होती.

"काय शोधायलीस?" वर्षालीनं विचारलं.

पोरीनं फोन पालथा टाकला. काही नाही म्हणाली.

"बरं," वर्षाली म्हणाली. तिनं पर्समधून ते पाकीट काढलं, विजयश्रीच्या अक्षरांची बाजू वर येईल असं दोघींच्या मधल्या टेबलावर ठेवलं, आणि विजयश्री कधी बाहेर येते याची वाट बघत डावीकडच्या दाराकडे पाहू लागली.